गुणाची बहीण

आमच्या जिल्ह्याला आता एका बाईचं नाव आहे. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने अहमदनगरचं अहिल्यानगर करायचं ठरवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते रीतसर झालंही. नामांतराच्या वादात मला शिरायचं नाही. माझ्या तोंडात अजून 'नगर'च येतं, आणि कंडक्टरला 'एक नगर द्या' म्हटलं तर त्यालाही ते बरोबर कळतं.

त्याच मार्च महिन्यात आणखी एक निर्णय झाला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला. जन्मभर हजेरीपटावर मुलांची नावं लिहिली, पण मधल्या जागेत कायम वडिलांचंच नाव. त्यामुळे मला या निर्णयाचा मनापासून आनंद झाला.

तरीही एक गोष्ट मनात घोळत राहिली. जिथे नाव देताना पदरचं काही जात नाही, तिथे आपण बाईचं नाव अगदी उदारपणे देतो. बंगल्याला 'मातोश्री', ट्रॅक्टरच्या मागे 'आईचा आशीर्वाद', दुकानाला मुलीचं नाव. पण जिथे नाव दिल्यावर जमीनही द्यावी लागते तिथे, म्हणजे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर, बाईचं नाव यायची वेळ आली की आपल्याला तिचे गुण आठवायला लागतात. ती किती समजूतदार, किती मायाळू, तिला कुठे कशाचा मोह आहे! आणि मग रजिस्टर ऑफिसात नेऊन तिची सही घेतली जाते.

मी हक्कसोडपत्राबद्दल बोलते आहे. खेड्यात वाढलेल्यांना हा शब्द सांगायला नको, पण अमेरिकेतल्या माझ्या भाचरांसाठी थोडं लिहिते.

वडील वारले की वारसनोंद होते. तलाठी (आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं) वारसांची नावं घेतो, फेरफार लिहितो, सगळ्यांना नोटिसा जातात, मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात आणि आई, मुलगे, मुली अशा सगळ्यांची नावं उताऱ्यावर लागतात. कायद्याने ती लागायलाच हवीत. त्यानंतर काही महिन्यांनी (कधी काही आठवड्यांनीच) भाऊ बहिणीला म्हणतो, "आक्का, एकदा येऊन जा, सहीचं काम आहे." काही शे रुपयांच्या मुद्रांकावर बहीण लिहून देते की या मिळकतीतला माझा हक्क मी राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, भावाच्या लाभात सोडला आहे. दस्त नोंदवला की पुन्हा फेरफार, आणि उताऱ्यावरचं तिचं नाव कंसात जातं. दुपारी सगळे मिळून हॉटेलात जेवतात. बहिणीला साडी घेतात. झालं!

जुन्या काळी तर एवढंही करावं लागत नसे. थोरल्या भावाचं नाव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागायचं आणि आईबहिणींची नावं लागलीच तर 'इतर हक्क' या रकान्यात. बाईचा हक्क म्हणजे इतर हक्क. हा शब्द कुणा टवाळाचा नव्हे बरं का, सरकारी नमुन्यातलाच आहे!

कायदा मात्र पुढे जात राहिला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण तो तोवर लग्न न झालेल्या मुलींना. २००५ मध्ये देशभर सगळ्याच मुलींना तो मिळाला. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो जात नाही. (आधीच रीतसर वाटण्या झाल्या असतील तर गोष्ट वेगळी.) म्हणजे आता कायद्याकडे बोट दाखवायला जागा उरलेली नाही. उरलोय आपण.

मागच्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आता तीही पन्नाशीला आली आहे. वडील जाऊन दोन महिने झाले होते आणि भावांनी तारीख ठरवली होती. "बाई, सही करू का?" म्हणाली. मी विचारलं, तुझ्या मनात काय आहे? बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सही नाही केली तर दिवाळीला कुठे जाऊ?"

या प्रश्नाला कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. तिला जमिनीचा मोह नाही असं नाही आणि आहे असंही नाही. तिला माहेर हवं आहे. भाऊबीज हवी आहे. सासरी काही कमीजास्त झालं तर हातात पिशवी घेऊन जाता येईल असं एक दार हवं आहे. आणि त्या दाराची किंमत म्हणून तिच्याकडून दाराच्या आतलं सगळं मागितलं जातं आहे. पुन्हा या व्यवहाराला व्यवहार म्हणायचं नाही. त्याला माया म्हणायचं!

मी तिला इतकंच सांगितलं, की दुःखाच्या दिवसांत कशावर सही करू नकोस. कागद स्वतः वाच, कुणी वाचून दाखवला तेवढ्यावर जाऊ नकोस. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. आणि सही न करणं म्हणजे भांडण नव्हे. नाव राहू दे, जमीन भावांना कसू दे. पुढे तिने काय केलं ते इथे लिहिणार नाही, तो तिचा प्रश्न आहे.

माझं स्वतःचं सांगायला हरकत नाही, कारण ते सगळ्या भावकीला माहीतच आहे. वडिलांनी स्वतः घेतलेली अडीच एकर जमीन होती. १९९९ मध्ये ते गेले. आई, एक भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी, म्हणजे प्रत्येकी पंचवीस गुंठे. धाकट्या बहिणीने सही केली, मी केली नाही. पीक मागितलं नाही, बांध घालायला सांगितलं नाही, फक्त नाव काढू दिलं नाही. भाऊ दोन दिवाळ्या माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवाळीला आई आजारी होती, तेव्हा तोच गाडी घेऊन न्यायला आला. पुढे सगळं सुरळीत झालं, पण अगदी पूर्वीसारखं झालं असं म्हणणार नाही. माहेरच्या कार्यात बहिणीला आधी विचारतात, मग मला. सगळे तिला 'गुणाची' म्हणतात, आणि ती आहेच. मला 'हिशेबी' म्हणतात. नोकरी होती, माझा पगार माझ्या हातात येत होता, म्हणून मला हे परवडलं. ज्या बाईला दवाखान्याच्या शंभर रुपयांसाठीही कुणापुढे हात पसरावा लागतो, तिला हे कसं परवडावं? म्हणून सही करणाऱ्या बायकांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. त्यांनी आपापला हिशेब केला, आणि तो चुकीचाच होता असं म्हणण्याचा मला अधिकार नाही.

मला बोलायचं आहे ते 'गुणाची' या शब्दाबद्दल. भावाने हिस्सा घेतला तर त्याला कुणी लोभी म्हणत नाही. हिस्सा सोडला तर गुणाचा म्हणतील खरं, पण बहिणीच्या नावे हक्क सोडणारा भाऊ मी तरी आजवर पाहिलेला नाही. कायद्याने त्यालाही मुभा आहे! मग हा गुण फक्त बाईलाच का लागतो?

याची शिकवण फार लवकर सुरू होते. चौथीपासून दहावीपर्यंत कितीतरी वर्षं मी 'माझी आई' या विषयावरचे निबंध तपासले. वह्या वेगवेगळ्या, अक्षरं वेगवेगळी, पण आई एकच. ती सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या नंतर जेवते, स्वतःसाठी काही घेत नाही, दुखलं खुपलं तरी सांगत नाही. त्यातल्या कितीतरी मुलांच्या आया पहाटे धारा काढून डेअरीत दूध घालत होत्या, कांदे लावत होत्या, उसाची बांधणी करत होत्या. हे सगळं मुलं रोज बघत होती, पण निबंधात ते येत नसे. कारण चांगली आई म्हणजे काय करणारी, हे त्यांना माहीत नव्हतं. काय काय सोडणारी, हे मात्र पक्कं माहीत होतं. अशा निबंधांवर वाढलेली मुलगी चाळिशीत रजिस्टर ऑफिसात जाते तेव्हा तिला कुणी जबरदस्ती करावी लागत नाही. दस्तात 'राजीखुशीने' लिहिलेलं असतं ते खोटंही नसतं.

आता भावांची बाजू. ती मी पुष्कळ ऐकली आहे आणि तीन मुद्दे नेहमीचेच आहेत.

पहिला, 'तिच्या लग्नात खर्च केला.' केला, मान्य. पण हुंडा, मानपान, मांडव, जेवणावळी यातलं तिच्या स्वतःच्या नावावर काय झालं? पैसा एका घरातून निघाला आणि दुसऱ्या घरात गेला, ती फक्त मधे होती. आणि भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या हिश्श्यातून वजा झालेला कुणी पाहिलाय का?

दुसरा, 'जमिनीचे तुकडे होतील.' तीन भाऊ असले तर तीन तुकडे होतात, तेव्हा ही काळजी कुणाला वाटत नाही. शिवाय उताऱ्यावर नाव असणं आणि जमिनीत बांध पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामाईक क्षेत्र म्हणून चार नावं एका उताऱ्यावर वर्षानुवर्षं सुखाने राहतात.

तिसरा, 'तिला सासरी मिळेलच की.' सासरी ती जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. नवरा गेल्यावर कायद्याने तिचं नाव लागतं, पण तिथेही दीर म्हणतात, तुला कशाला, आम्ही आहोत ना. म्हणजे माहेर म्हणतं सासरी मिळेल आणि सासर म्हणतं तू परक्या घरची!

आणि नाव नसल्याने काय होतं? आमच्याकडे साखरपट्ट्यात हे फार लख्ख दिसतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून या भागातल्या शेतकऱ्याची पत सातबाऱ्यावर चालते. कारखान्याचा शेअर, उसाची नोंद, सोसायटीचं पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, शेतकऱ्याचं सरकारी अनुदान, सगळ्याची सुरुवात उताऱ्यापासून. उतारा आहे तो शेतकरी. उतारा नाही, ती त्याच रानात आयुष्यभर राबली तरी 'घरकाम'. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटीच्या खातेदारांत बायकांचं प्रमाण सुमारे १४ टक्के भरलं. खुरपायला गेलेल्या बायकांची मोजणी केली असती तर आकडा किती झाला असता, हे आमच्या भागातल्या कुणालाही सांगता येईल.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा जिल्हाभर सत्कार झाले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान बियाणं जपलं, वाढवलं, इतरांना वाटलं. आपण त्यांना 'बीजमाता' म्हणतो. छान शब्द आहे. पण राहीबाईंनी काही सोडलं म्हणून त्या मोठ्या झालेल्या नाहीत. त्यांनी धरून ठेवलं, म्हणून झाल्या.

आणि आता ज्या बाईचं नाव जिल्ह्याला आहे तिच्याकडे येते. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. आपल्या डोळ्यांपुढे त्यांचं एकच चित्र असतं. पांढरं वस्त्र, हातात पिंड, चेहऱ्यावर शांत भाव. पुण्यश्लोक. चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सती जाण्यापासून सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, त्यांना थांबवलं आणि पुढे त्यांच्यावर कारभाराची, अगदी तोफखान्याचीसुद्धा कामं सोपवली. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेरावही गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही. त्या वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवलं की दत्तक घ्या आणि कारभार आमच्यावर सोडा. राघोबादादा फौज घेऊन निघाले. आजच्या भाषेत सांगायचं तर बाईंपुढे हक्कसोडपत्रच ठेवलं होतं! त्यांनी सही केली नाही. फौजेची तयारी ठेवली, इतर सरदारांना पत्रं धाडली आणि राघोबादादांना उलट फिरावं लागलं. माधवराव पेशव्यांनी बाईंचा अधिकार मान्य केला. पुढे १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, त्यांनी राज्य केलं.

अजून एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी जी देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या, तो खर्च प्रामुख्याने 'खासगी'तून झाला. ही खासगी म्हणजे १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे दिलेली स्वतंत्र जहागीर. सासूकडून ती सुनेकडे आली. राज्याचा खजिना वेगळा आणि ही बायकांच्या मालकीची मिळकत वेगळी. म्हणजे ज्या दानधर्मासाठी आपण अहिल्याबाईंना हात जोडतो, त्याच्या मुळाशी बाईच्या नावावर असलेला एक उतारा आहे. नावावर काही असल्याशिवाय दान तरी कशाचं करणार? आणि हिशेब! बाई स्वतः रोज कारभार बघत, पैशाचा हिशेब कसून घेत. त्या काळच्या कुणी त्यांनाही 'हिशेबी' म्हटलं असेल तर ते खरंच होतं.

हे सगळं होणार नाही, लोक ऐकणार नाहीत, असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक आठवण. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. शरद जोशींनी पुढे 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करतील ते गाव लक्ष्मीमुक्तीचं गाव. आणि साध्यासुध्या शेतकऱ्यांनी, कुठल्याही कोर्टाने न सांगता, ते केलं. म्हणजे आपल्या पुरुषांना हे जमत नाही असं नाही. मागणारं आणि मान देणारं कुणीतरी लागतं.

म्हणून माझं म्हणणं मोठं नाही. बहिणींनी उद्या उठून मोजणी लावावी, बांध घालावेत असं मी सांगत नाही. भावांना एवढंच सांगणं आहे, की वारसनोंदीत लागलेलं बहिणीचं नाव तसंच राहू द्या. तिला सहीला बोलावूच नका. तिला खरंच सोडायचं असेल तर ती आपण होऊन, आपल्या वेळेला सांगेल, आणि तेव्हा त्याला त्याग म्हणायला हरकत नाही. दिवाळीचं बोलावणं आणि रजिस्टर ऑफिसची तारीख यांची सांगड घालू नका. आणि वडीलधाऱ्यांनी, विशेषतः आयांनी, आपण हयात असतानाच मुलांसमोर हे बोलून ठेवावं. मागे राहिलेल्या बहिणीला स्वतःच्या तोंडाने मागावं लागतं, आणि मागितलं की ती वाईट ठरते.

माझ्या पंचवीस गुंठ्यांचं पुढे काय, असं भाचे हसत हसत विचारतात. तेही हे वाचतीलच. तर सांगून टाकते. मी सगळं लिहून ठेवलं आहे, आणि त्यात माझ्या भाचीचंही नाव आहे. तिला आत्तापासून कुणी 'गुणाची' म्हणायला सुरुवात करू नका म्हणजे झालं!

तुमच्या घरच्या उताऱ्यावर किती बायकांची नावं आहेत? एकदा काढून बघा, आणि जमलं तर मला कळवा.